मोठ्या चाकांची परवानगी न मिळणेबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
परिवहन विभागाचे उपकार्यालय,
अंबरनाथ–बदलापूर पट्टा.

अर्जदार: बाळ विनायक चौबळ, निवृत्त, राहणार अंबरनाथ (पश्चिम).

विषय: माझ्या नावावरील मोटारीस बसवलेली मोठी चाके 'विशेष बाब म्हणून' कायम ठेवण्याची परवानगी न मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या भरारी पथकाने बारवी रस्त्यावर दिलेला मेमो.
२) माझ्या नावाने, परंतु माझ्या हाताने नव्हे, झालेला ऑनलाइन अर्ज.
३) आपल्या मैदानावर गेल्या महिन्यात एका गुरुवारी झालेली तपासणी.

महोदय,

अर्ज करण्यास कारणे चार असून चारही गोल आहेत. पाचवे डिकीत आहे. परंतु ते कंपनीच्या मूळ मापाचे असल्याने त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तपासणीनंतर आपण तोंडी कळवलेत की, गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः लिहिलेला अर्ज आल्याशिवाय परवानगीचा कागद निघणार नाही. माझा मुलगा चि. अनीश याने हे काम माझ्याकडे सोपवले. "बाबा, तुमचं मराठी शुद्ध आहे. दोन पानं मस्त इमोशनल लिहा. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे," अशी त्याची सूचना आहे. साहेबांच्या डोळ्यांची हमी मी घेऊ शकत नाही. घडले ते क्रमाने लिहितो.

१. माझी पत्नी सौ. कुमुदिनी हिचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. काही वर्षांपूर्वी हाडात संसर्ग झाला तेव्हा डॉक्टरांपुढे दोनच मार्ग होते: पाय कापणे, किंवा आत सळई घालून तो कायमचा सरळ करणे. त्यांनी दुसरा निवडला. तेव्हापासून आमच्या घरात सरळ वागणारा तो एकच अवयव आहे. रिक्षात कुमुदिनी मावते, पाय मावत नाही. तो बाहेर ठेवून प्रवास केल्यास शेजारची रिक्षा तो सोबत घेऊन जाईल अशी भीती वाटते. म्हणून ही बसकी मोटार घेतली. शोरूममधल्या तरुणाने ॲव्हरेज सांगायला सुरुवात केली तेव्हा कुमुदिनी म्हणाली, "अरे, ॲव्हरेज राहू दे बाजूला. मला एकदा बसून बघू दे." ती पाठमोरी उभी राहिली, मागे टेकली आणि अलगद सीटवर बसली. मग मी तिचा पाय उचलून आत ठेवला आणि दार लावले. दार लागले. त्याच गाडीचे कागद करा म्हणून मी सांगितले. सीट आणि माझ्या पत्नीची कंबर एका उंचीवर होती, एवढाच त्या गाडीचा गुण. दुसरा मी पाहिला नाही.

२. कुमुदिनीची थोरली बहीण श्रीमती भारती बदलापूर गावात राहत. दर गुरुवारी मी कुमुदिनीला तिकडे नेत असे. दोघी समोरासमोर खुर्च्या टाकून बसत आणि मनसोक्त भांडत. विषय ठरलेला असे: त्यांच्या आईच्या आमटीत गूळ असायचा की नाही. निकाल कधीच लागला नाही, कारण लागला असता तर पुढच्या गुरुवारी बोलायचे काय? फोनवर भांडण मिटवावे असे मी एकदा सुचवले. त्यावर भारतीताई म्हणाल्या, "फोनवर काय, कोणीही कुमी म्हणून बोलेल. समोर येऊन तोंड दाखव म्हणावं, मग भांडते." यंदाच्या पावसाळ्यात ताईंनी अंथरूण धरले. भांडण तरीही चालू राहिले; ताई पडून भांडत, कुमुदिनी बसून. आता गुरुवार चुकवायचा नाही, असे आमच्या घरात ठरले. घरात म्हणजे आम्हा दोघांत.

३. चि. अनीश आनंदनगर एमआयडीसीतील एका कारखान्यात शिफ्ट ऑफिसर आहे. त्याच्या मते आमची गाडी 'पेशंटसारखी' दिसत होती. एके दिवशी "सर्व्हिसिंगला नेतो" असे सांगून तो ती उल्हासनगरच्या कॅम्पात टेकूशेठ यांच्या गाड्या सजवण्याच्या दुकानी घेऊन गेला आणि संध्याकाळी परतला तेव्हा खाली काळी, लाल काठाची, अठरा इंची चाके होती. त्यांवरचे टायर इतके रुंद की पावसाळ्यात अंगणात उभे केले तर एखादे कुटुंब त्याखाली निवारा घेईल. हे टायर आत घासू नयेत म्हणून टेकूशेठनी स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी आणखी उचलून दिली. जुनी चाके त्यांनीच ठेवून घेतली. निरोप देताना ते म्हणाले म्हणे, "साईं, अभी गाडी, गाडी लगती है. पहले तो चप्पल लगती थी."

मी कारण विचारले. अनीश म्हणाला, "बाबा, गाडीला प्रेझेन्स पाहिजे. सिग्नलला उभी राहिली की बाजूवाल्याची फाटली पाहिजे." (शब्द त्याचे. कोणाचे काय फाटले याची नोंद माझ्याकडे नाही.)

सीट किती वर गेली ते मी हाताने मोजले. चार बोटे, अंगठा सोडून.

चाकांचा आणखी एक गुण आपल्या खात्यास ठाऊक असेलच. मोठे चाक एका फेरीत जास्त रस्ता कापते. काट्याला ते कळत नाही. त्यामुळे गाडी दाखवते त्यापेक्षा जोरात पळते आणि अंतर असते त्यापेक्षा कमी दिसते. म्हणजे चाके बदलल्यापासून आमचे बदलापूर गाव काट्यावर जवळ आले. इतके जवळ आलेले गाव आम्हाला पुन्हा गाठता आले नाही, ही बाब काट्यावर कोठेही दिसत नाही.

४. महोदय, मराठी भाषेत 'बसणे' या एका क्रियापदावर फार भार टाकलेला आहे. माणूस बसतो, चाकही बसते. या भाराचा त्रास आमच्या घराला कसा झाला ते सविस्तर लिहिणे भाग आहे.

चाके आली त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. अनीश कंपनीच्या बसने कामाला गेला होता. मी कुमुदिनीला गाडीजवळ नेले. ती नेहमीप्रमाणे पाठमोरी मागे टेकली, ती सीटला नव्हे, तिच्याखालच्या पत्र्याला. आमची खटपट चालू असताना अनीशचा फोन आला. माझे दोन्ही हात पत्नीच्या काखेत असल्याने मी तिलाच फोन स्पीकरवर टाकून टपावर ठेवायला सांगितले. त्याने विचारले, "बाबा, बसतंय का नीट?" मी म्हणालो, नाही बसत. "कुठे अडतंय?" म्हटले, डावीकडे. "पुढे ना? मला डाऊट होताच. पूर्ण वळवून बघितलंत?" मी सांगितले, बघितले, वळत नाही. "जरा जोर लावा ना." लावला, म्हटले, पण ओरडते. "आवाज येतोय म्हणजे घासतंय," तो म्हणाला. "मग कापूनच टाकू."

तो पुढे म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. टेकूशेठ आधीच बोलला होता, डावीकडचं अडलं तर कापावं लागेल. ग्राइंडर मारला की अर्ध्या तासात मोकळं. तापवून, ठोकून वाकवता पण येतं, पण कापलेलं बरं. परत परत कटकट नको." मी म्हणालो, अरे, डॉक्टर नको म्हणाले होते. तो म्हणाला, "कोण डॉक्टर? टेकूशेठला सगळं माहिती आहे. रोज चार-पाच कापतो तो." आणि शिफ्टची घंटा झाली म्हणून त्याने फोन ठेवला.

कुमुदिनीने सगळे ऐकले होते. ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन गाडीपासून बाजूला झाली. मग म्हणाली, "कापू दे. माझ्यापेक्षा त्यालाच अडचण जास्त होतेय."

संध्याकाळी उलगडा झाला. तो टायरबद्दल आणि मडगार्डच्या आतल्या पत्र्याबद्दल बोलत होता. अनीश इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याची पत्नी सौ. सई हिने हा किस्सा तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला, आणि आलेगेले पाहुणे पुढे बरेच दिवस "कापलं की नाही अजून?" असे विचारत राहिले. कुमुदिनीही त्यांच्याबरोबर हसे. फक्त त्या दिवसापासून ती घरात बसलेली असताना डाव्या पायावर चादर ओढून घेऊ लागली. पुढच्या सुट्टीला टेकूशेठनी पत्रा कापला. टायर बसला. कुमुदिनी बसली नाही.

५. आम्ही प्रयत्न केले नाहीत असे नाही. न्हाणीघरातले प्लॅस्टिकचे स्टूल गाडीशेजारी ठेवून कुमुदिनीला त्यावर उभे केले. स्टूल सरकले आणि ती माझ्या अंगावर बसली. सौ. सई तेव्हा 'सेफ्टीसाठी' मोबाइलवर चित्रीकरण करीत होती. तिने त्याला ढोलकी लावली, 'आई व्हर्सेस अठरा इंच' असे नाव दिले आणि ते जगास दाखवले. जगाने ते आवडीने पाहिले. आमच्या इमारतीतली पोरे जिन्यावर पाय सरळ ठेवून एकमेकांच्या अंगावर पडू लागली. अनीश म्हणाला, "आई, फेमस झालीस!" कुमुदिनी म्हणाली, "पाय बरा दाखवलास गं सई. तोंड तेवढं दाखवायचं राहिलं. ताईने बघितलं असतं, तिला तरी पटलं असतं की मीच आहे."

मी भाड्याची गाडी बोलावली. तिची पुढची सीट मागे सरकेना. पाय दाराबाहेर राहिला. चालक सभ्य होता, तो म्हणाला, "आंटी, दरवाजा बंद नहीं होगा तो मैं गाड़ी कैसे निकालूँ?" मी रुग्णवाहिका सुचवली. कुमुदिनी म्हणाली, "आजारी ती आहे. मी रुग्णवाहिकेतून उतरले तर तिथेच प्राण सोडेल." शिवाय हे सर्व पाहून अनीशचा अपमान झाला. "घरात एवढी गाडी असताना भाड्याची कशाला? लोक काय म्हणतील? पुढच्या रविवारी मी स्वतः आईला नेतो," असे तो म्हणाला. हे तो दर रविवारी म्हणत असे. रविवारी त्याच्यासारख्याच मोठ्या चाकांची मंडळी जमून बारवी धरणाकडे जात, तिथे गाड्या चिखलात घालत, बाहेर काढत आणि चहा पीत. परत आला की विचारी, "अरे, आईचं राहिलंच. मावशी कशी आहे?" मावशी हळूहळू कमी होत होती. भांडणाचा तिचा वाटा आता निरोपांनी येई. ताईंची सून मीना फोन करून सांगे, "मावशी, त्या म्हणतायत, आमटीत गूळ नव्हताच. तुम्ही येऊन नाही म्हणून दाखवा."

६. अशाच एका रविवारी आपल्या पथकाने गाडी अडवली आणि चाके बदलल्याबद्दल मालक म्हणून माझ्या नावे मेमो दिला. मूळ मापाची चाके लावा, नाहीतर नोंदणी निलंबित करू, असे त्यात होते. तो कागद पाहून कुमुदिनीने अनेक दिवसांनी स्वतःहून चहा मागितला. "सरकार आहे म्हणायचं," ती म्हणाली. तिचा आपल्या खात्यावरील हा विश्वास मी येथे मुद्दाम नोंदवतो.

परंतु रविवारच्या मंडळींपैकी कोणीतरी अनीशला सल्ला दिला, "सीनियर सिटिझनचा अँगल टाक." सौ. सई अर्ज टाइप करायला बसली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तिने हाक मारली, "बाबा, तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, सांगा ना पटकन." मी अंक वाचून दाखवले. त्या अर्जातील माझा सहभाग एवढाच. त्यात पुढील मजकूर असल्याचे नंतर कळले: 'माझ्या अपंग पत्नीस खड्ड्यांचा त्रास होऊ नये यासाठी मोठी चाके बसवली असून, त्यामुळे ती आता रोज आनंदाने बाहेर फिरते. सबब विशेष बाब म्हणून परवानगी मिळावी.' हे वाचून दाखवल्यावर कुमुदिनी म्हणाली, "कोण आहे ही बाई? मजेत आहे."

आपल्याकडून उत्तर आले की, जिच्या सोयीसाठी चाके आहेत तिला गाडीत बसवून तपासणीस आणावे. हे वाक्य ज्यांनी लिहिले त्यांना माझा नमस्कार. प्रकरण इथेच संपले असे मला वाटले, कारण तिला बसवणे अशक्य आहे हे आमच्या घरात सिद्ध झालेले होते.

७. तपासणीच्या गुरुवारी सकाळी अनीशच्या खात्यातली चार कंत्राटी माणसे आमच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. हजेरी त्यांची कारखान्यात लागलेली होती. बारवीकडच्या वाड्यांमधले शिवराम आणि बुधाजी, आणि आणखी दोघे. बुधाजी कुमुदिनीपुढे वाकून म्हणाला, "आजे, माझे मानंला मिठी मार. भाताचा भारा उचलतो, तशी उचलतो. घाबरू नको." गॅसवरचा चहा उतू जाण्याच्या आत ती सीटवर होती, पाय आत होता आणि दार लागलेले होते.

महोदय, म्हणजे कुमुदिनी त्या गाडीत बसू शकत होती. इतके दिवस फक्त कारण चुकीचे होते. बहिणीसाठी चार माणसे मिळत नव्हती, चाकांसाठी मिळाली.

दार लागते न लागते तोच मीनाचा फोन आला. "मावशी, आज लक्षण बरं नाही. डोळे उघडे आहेत, दाराकडे बघतायत. लगेच निघा." कुमुदिनी म्हणाली, "अनीश, आधी ताईकडे." अनीशने गाडी सुरू केली आणि म्हणाला, "आई, स्लॉट मिळालाय. नंबर गेला तर परत पंधरा दिवस. तपासणी झाली की सरळ मावशीकडेच. ती काय पळून जातेय?" मी मागच्या सीटवरून म्हणालो, आधी तिकडे चल. तो म्हणाला, "बाबा, एक तास फक्त. तुम्ही इमोशनल होऊ नका." इमोशनल होण्याची वेळ अर्ज लिहिताना आहे, असे त्याने तेव्हा स्पष्ट केले नव्हते.

आपले मैदान भरलेले होते. रिक्षा पुढे, टेम्पो मागे, मधे आम्ही. आपल्या कार्यालयास दोष नाही. नंबर आला तसे आपण आलात. मधे मी दोनदा सांगितले, रांग सोड. अनीश म्हणाला, "आता इतके थांबलोय." कुमुदिनी मैदानाच्या फाटकाकडे बघत होती. तिथून डावीकडे वळले की बदलापूरचा रस्ता लागतो.

आपण आलात, चाके पाहिलीत, टेप लावलीत, आणि सौजन्याने विचारलेत, "आजी, बसायला त्रास नाही ना?" तिचे उत्तर आपल्याला आठवत असेल: "बसल्यावर कसला त्रास? चढवायला चार जण, उतरवायला चार जण. मधल्या वेळात मी राणीच." आपण हसलात. आम्हीही हसलो. आपण कागदावर 'लाभार्थी सुस्थितीत बसलेली आढळली' असे लिहिलेत. ते खरे होते. त्यात खोडण्यासारखे काही नाही.

त्यानंतर तपासणीच्या कागदावरील सहीसाठी अनीश खिडकीपाशी थांबला. "सही हातात घेऊनच निघू, परत खेटे नकोत." तो खिडकीपाशी असताना मीनाचा दुसरा फोन आला. तो कुमुदिनीने घेतला. "बरं," एवढेच ती म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला. भारतीताई गेल्या होत्या. मीना रडत विचारत होती, मावशी किती वेळात येतात, तोवर थांबतो. मी फोन घेऊन अनीशकडे गेलो. त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि समजूतदारपणे म्हणाला, "मीनावहिनी, तुम्ही पुढे व्हा. थांबू नका आमच्यासाठी. तसंही आईला तिथे उतरता येणार नाही."

ते पुढे झाले.

८. सही मिळाली. आम्ही बदलापूर गावात पोहोचलो तेव्हा घरातली पुरुषमंडळी स्मशानातून यायची होती. तिला चढवून चारही माणसे सकाळीच शिफ्टला परतली होती, त्यामुळे कुमुदिनी गाडीतच राहिली. अनीशने गाडी कंपाउंडच्या भिंतीला लागून उभी केली. घराचे दार उघडे होते. आत, ताईंची खाट असायची तिथे, जमिनीवर दिवा ठेवलेला होता. मीना बाहेर आली. कुमुदिनीचा हात धरण्यासाठी तिला टाचा उंच कराव्या लागल्या. कुमुदिनी म्हणाली, "दाराला वारा आहे. दिव्याला आडोसा कर."

गाडी वळवताना अनीश हळूच म्हणाला, "आई, बघ, वरून दिसलं तरी. जुन्या टायरवर असतीस ना, कंपाउंड आड आलं असतं."

शिफ्ट सुटल्यावर घरी जाता जाता बुधाजी आणि मंडळी आमच्या पार्किंगमध्ये आली आणि त्यांनी तिला खाली घेतले.

९. वर लिहिलेला कंपाउंडचा मुद्दा अर्जात 'प्लस पॉइंट' म्हणून घालावा, अशी अनीशची विनंती आहे. त्याप्रमाणे तो घातला आहे. त्याचा दुसरा मुद्दा असा की, आई आता कुठेच जायचे म्हणत नाही, म्हणजे बसण्याचा प्रश्न आपोआप सुटला आहे. हेही खरे आहे. गुरुवार येतो आणि जातो. ती केस विंचरून तयार होत नाही. मी विचारले, कुठे जाऊन येऊ या का? ती म्हणाली, "कोणाकडे?" अनीशचा तिसरा मुद्दा रस्त्यांवरील खड्ड्यांबद्दल आहे. तो आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असल्याने गाळतो.

तेव्हा परवानगी नाकारण्याने कुमुदिनीचा काही फायदा होणार आहे काय, असा प्रश्न आपल्यापुढे येईल. होणार नाही. गाडी चार बोटे खाली आली तरी तिला आता जायचे ठिकाण उरलेले नाही. मी ही मागणी तिच्यासाठी करीत नाही. तिने तशी मागणी केलेलीही नाही. मी ती माझ्यासाठी करतो. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे, मुलगा माझा आहे, आणि त्या चाकांचे काय करायचे हे ठरवण्याचा कायदेशीर अधिकार मोटारीच्या कागदावरील नावामुळे अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या कशावरून तो उरलेला नाही.

सबब मागणी अशी:

क) विशेष बाब म्हणून परवानगी देऊ नये. साधी बाब म्हणूनही देऊ नये.

ख) चाके काढण्यास मुदत देऊ नये. मुदत दिल्यास तो टेकूशेठकडे जाऊन त्यांहून मोठी आणील, आणि यावेळी कोणाचे काय कापतील ते सांगता येत नाही.

ग) आपले कर्मचारी रविवारी सकाळी पाठवावेत. त्या वेळी अनीश गाडी धूत असतो आणि इमारतीतील मंडळी खिडक्यांत असतात. चाके सर्वांसमक्ष काढावीत. सौ. सई चित्रीकरण करील. तिला अडवू नये. ढोलकी तिची ती लावील.

घ) जुनी चाके विकली गेलेली आहेत. त्यामुळे काढलेल्या चाकांच्या जागी बसवायला काही नाही. गाडी विटांवर उभी करावी. विटांवर ती आणखी उंच होईल, हे मी जाणतो. परंतु विटांवरची गाडी कुठेही जात नाही. आमच्या घरात कुठेही न जाणारे एक माणूस आहेच. तिला खिडकीतून सोबत होईल.

अनीशला हा अर्ज वाचायचा होता. मी त्याला सांगितले, फार इमोशनल झालाय, साहेबांनाच आधी वाचू दे. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

कळावे, आणि कळल्यावर त्वरा व्हावी.

आपला, गाडीचा मालक,
बाळ विनायक चौबळ
अंबरनाथ (पश्चिम)
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) मेमोची प्रत.
२) गाडी माझ्या नावावर असल्याचा पुरावा.
३) विटा. (पार्किंगमध्ये रचून ठेवल्या आहेत.)